चाकमोकळीक (मोटारगाडीची)

मोटारगाडीचे चाक आणि त्याच्या सभोवतालचे मडगार्ड, निलंबनाचे (सस्पेन्शनचे) दांडे, धक्काशोषक, रोधकाची (ब्रेकची) नळी इ. भाग यांच्यामध्ये राहणाऱ्या अंतरास चाकमोकळीक म्हणतात. धावत्या गाडीचे चाक आसाभोवती फिरते, रस्त्याच्या चढउतारांप्रमाणे वर-खाली सरकते आणि पुढचे चाक सुकाणूच्या (स्टिअरिंगच्या) चक्राबरोबर दोन्ही बाजूंस वळते. या तिन्ही हालचाली एकाच वेळी होत असताना टायर कोठेही घासू नये, अशा बेताने कारखान्यात ही मोकळीक ठरविलेली असते. मूळच्यापेक्षा रुंद चाके व टायर बसविले किंवा गाडीची उंची कमी केली म्हणजे ती घटते आणि हे दोन्ही फेरफार एकत्र केल्यास बहुधा संपुष्टात येते. दिसण्यातील डौल, वळणावरील स्थैर्य किंवा रस्त्यावरील पकड वाढविण्यासाठी असे फेरफार करण्याची हौस महाराष्ट्रात शहरांप्रमाणेच तालुक्याच्या गावांतही आढळते. या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते : समपातळीवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत दिसणारी मोकळीक ही खरी मोकळीक समजली जाते. वस्तुतः चाक आपल्या चालीच्या शेवटच्या टोकाशी पोहोचले असता जे अंतर उरते, तीच खरी मोकळीक होय.

पूर्वपीठिका : चाक व गाडीचा सांगाडा यांतील अंतराचा प्रश्न मोटारगाडीहून जुना आहे. लाकडी बैलगाडीच्या चाकाचे तुंबा, आरे, परिघाचे लाकडी तुकडे आणि त्यांवर चढविलेली लोखंडी धाव असे भाग असतात. तुंब्यातील भोक झिजले की चाक डोलू लागते आणि साटीच्या बाजूला घासते. म्हणून आसावर दोन्ही बाजूंस थोडी जागा राखण्याची व वेळोवेळी वंगण घालण्याची पद्धत होती. अरुंद धाव मराठवाड्यातील काळ्या जमिनीत खोल चाकोरी पाडते. हवेचे रुंद टायर लावलेल्या बैलगाड्या प्रचारात आल्यावर हा दोष पुष्कळसा कमी झाला. परंतु त्यांसाठी जुन्या चाकाच्या जागी नुसते नवे चाक अडकविणे पुरेसे नव्हते, तर आस व साटी यांची मांडणीच नव्याने करावी लागली. चाक बदलले की त्याच्या भोवतालची जागाही बदलावी लागते, हा धडा त्यातच होता.

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाडीस ५·२० इंच म्हणजे सु. १३२ मिमी. रुंदीचे व १४ इंची रिमचे टायर असत. मागील निलंबन पाट्यांचे होते. टायर अरुंद आणि मडगार्डाखालील पोकळी ऐसपैस, यांमुळे घासण्याचा प्रश्न क्वचितच उद्‌भवे. त्यानंतर अरीय (रेडियल) बांधणीचे टायर रूढ झाले. आजच्या लहान व मध्यम गाड्यांच्या टायरांची रुंदी साधारणपणे १५५ ते २०५ मिमी. असते. गाडीची बाह्य लांबी-रुंदी मर्यादित ठेवून आतील बैठकीची जागा वाढविण्याकडे कल असल्याने मडगार्डाखालील पोकळी—हिला या लेखात चाकघर म्हटले आहे—मात्र आटोपशीर झाली. त्यामुळे मनाजोगे चाक बसविण्यास वाव कमी उरला आहे.

टायरचे मोजमाप : टायरच्या बाजूवर त्याचे माप छापलेले असते. उदा., ‘१७५/६५ आर १४ ८२ टी’ यात १७५ ही टायरची मिमी. मधील नाममात्र रुंदी, ६५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण, ‘आर’ ही अरीय बांधणीची खूण, १४ हा रिमचा इंचांमधील व्यास, ८२ हा भारांक (प्रत्येक टायरवर ४७५ किग्रॅ. पर्यंत भार) आणि ‘टी’ ही ताशी १९० किमी. पर्यंतच्या वेगाची खूण होय. यावरून टायरचा एकूण व्यास काढता येतो. भिंतीची उंची १७५ × ०·६५ = ११३·७५ मिमी.; रिमचा व्यास १४ × २५·४ = ३५५·६ मिमी.; म्हणून एकूण व्यास ३५५·६ + (२ × ११३·७५) = ५८३·१ मिमी. येतो.

याच्या जागी १९५/५५ आर १५ हा टायर घेतल्यास एकूण व्यास ५९५·५ मिमी. म्हणजे शेकडा सु. २·१ ने अधिक भरतो. २०५/५० आर १५ याचा व्यास ५८६ मिमी. असून तो मूळ व्यासापेक्षा शेकडा ०·५ नेच मोठा आहे. रुंदी वाढविताना भिंतीचे प्रमाण घटवून व्यास मूळच्याइतका राखणे, हा टायर निवडण्याचा पहिला नियम आहे. व्यास वाढल्यास वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवितो. वरील पहिल्या उदाहरणात तो ताशी १०० किमी. दाखवीत असता गाडी सु. १०२ किमी. वेगाने जात असते. भारांक मूळ टायरच्या भारांकापेक्षा कमी असता कामा नये, हा दुसरा नियम. छापलेली रुंदी ही ठराविक रुंदीच्या रिमवरील नाममात्र रुंदी असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. रिम अर्ध्या इंचाने रुंद असल्यास टायरचा फुगवटा सु. ५ मिमी. ने वाढतो. म्हणून अंतिम निर्णय छापील आकड्यावरून न घेता हवा भरलेल्या टायरचे प्रत्यक्ष माप घेऊन करावा.

रुंद टायर जमिनीवर अधिक क्षेत्र व्यापतो ही समजूत पूर्णांशाने खरी नाही. टेकणारे क्षेत्र मुख्यतः चाकावरील भार व टायरमधील हवेचा दाब यांवर अवलंबून असते. चाकावर ३०० किग्रॅ. भार आणि हवेचा दाब दर चौ. सेंमी.ला २·३ किग्रॅ. असल्यास टेकणारे क्षेत्र सु. १३० चौ. सेंमी. असते. दाब तोच ठेवून रुंद टायर बसविला तर हे क्षेत्र फारसे बदलत नाही. ते आखूड व रुंद होते. कोरड्या डांबरी रस्त्याच्या वळणावर त्याचा लाभ मिळतो. उलट साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो आणि सुकाणूची पकड सुटते.

रिमची रुंदी व सरक : चाक तुंब्यावर ज्या सपाट पृष्ठाने टेकते, ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती अंतरावर आहे, यास चाकाची सरक (ऑफसेट) म्हणतात. ती मिमी. मध्ये देतात व चाकावर ‘ईटी’ या अक्षरांपुढे तिचा आकडा कोरलेला असतो. पृष्ठ मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असल्यास सरक धन मानतात. सरक जितकी अधिक, तितके चाक गाडीच्या आत जाते. ती कमी केल्यास चाक बाहेर येते.

समजा, मूळ चाकाची सरक ४५ मिमी. व टायरची रुंदी १७५ मिमी. आहे. मध्यरेषेपासून टायरच्या प्रत्येक कडेचे अंतर ८७·५ मिमी. म्हणून टेकणाऱ्या पृष्ठापासून आतील कड ८७·५ + ४५ = १३२·५ मिमी. वर आणि बाहेरील कड ८७·५ − ४५ = ४२·५ मिमी. वर असते. आता सरक ३५ मिमी. व टायरची रुंदी २०५ मिमी. असलेले चाक घेतल्यास हीच अंतरे अनुक्रमे १३७·५ व ६७·५ मिमी. होतात. म्हणजे नवा टायर ३० मिमी. नी रुंद असला, तरी ही वाढ दोन्ही बाजूंस सारखी वाटली जात नाही. आतल्या अंगास ५ मिमी. व बाहेरच्या अंगास २५ मिमी. अशी ती पडते. आत धक्काशोषकापाशी १० मिमी. जागा असेल तर तेथे हे चाक बसेल, पण मडगार्डाच्या कडेशी अडकेल. हा हिशेब करण्यास कागद, पेन्सिल व मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. चाके विकत घेण्यापूर्वी तो न केल्यामुळे पुढे पत्रा ठोकण्याची पाळी येते.

सरक कमी केल्याचे इतरही परिणाम होतात. चाक बाहेर सरकल्याने तुंब्याच्या धारव्यावर (बेअरिंगवर) वाकविणारा जोर वाढतो आणि रस्त्याच्या खाचखळग्यांत सुकाणूचे चक्र हाताला हिसके देऊ लागते. बोल्टवर्तुळाचा व्यास व बोल्टांची संख्या तंतोतंत जुळली पाहिजेत. चाकाचे मधले भोक तुंब्याच्या गळ्यापेक्षा मोठे असल्यास मापाची कडी घालून ते केंद्रित करतात. नटांच्या बैठकीचा आकार—शंकूसारखा की गोलसर—चाकाशी न जुळल्यास नट कितीही आवळले तरी सैल होतात.

गाडीची उंची कमी करणे : यासाठी मूळच्यापेक्षा आखूड व ताठ स्प्रिंगा बसविणे, उंची कमीजास्त करता येणारे धक्काशोषक वापरणे, पाट्यांची गाडी असल्यास आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालणे अथवा मूळ स्प्रिंगेची वेटोळी कापणे, या रीती आढळतात. यांपैकी शेवटची रीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धोक्याची आहे. कापलेल्या स्प्रिंगेचे टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यावर लोंबकळताच स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

चाक वर सरकण्याची मर्यादा आघात-रबराने (बंप स्टॉपने) ठरते. धक्काशोषकाच्या दांड्यावर किंवा सांगाड्यावर बसविलेल्या या रबरावर निलंबन येऊन टेकले की चाक आणखी वर जात नाही. आघात-रबर तेच ठेवले, तर गाडी कितीही खाली घेतली तरी चाकाची सर्वोच्च स्थिती बदलत नाही; बदलते ती तेथे पोहोचण्याची वारंवारता. मूळ उंचीच्या गाडीत जी स्थिती वर्षातून काही वेळा, एखाद्या मोठ्या खड्ड्यात येते, तीच खाली घेतलेल्या गाडीत रोज येते. म्हणून मूळ गाडीत कधीच न घासलेला टायर उंची कमी करताच घासू लागतो. वस्तुतः घासण्याची जागा प्रथमपासून तेथेच होती.

हे आकड्यांनी स्पष्ट करता येते. समजा, रिकाम्या गाडीच्या मागील चाकास आघात-रबरापर्यंत ९० मिमी. चाल शिल्लक आहे व चाकापाशी मोजलेला स्प्रिंगेचा ताठपणा दर मिमी.ला २ किग्रॅ. आहे. मागे तीन माणसे व सामान बसल्यावर प्रत्येक मागील चाकावर १०० किग्रॅ. अधिक भार आला, तर गाडी ५० मिमी. खाली बसते आणि ४० मिमी. चाल उरते. हीच गाडी ४० मिमी. ने खाली घेतली असेल, तर रिकाम्या स्थितीतच ५० मिमी. चाल उरलेली असते आणि तोच भार चढविताच ती शून्यावर येते. गाडी आता स्प्रिंगेवर नव्हे, तर रबरावर उभी असते; पुढचा प्रत्येक धक्का थेट सांगाड्याला व टायरला बसतो. हे टाळण्यासाठी ताठपणा दुप्पट केला, तर भाराने होणारे बसणे २५ मिमी. वर येते, परंतु रिकामी गाडी कडक होते व खडबडीत रस्त्यावर उसळते. रबर कापून चाल वाढविण्याचा उपाय तर उलटाच ठरतो, कारण त्यामुळे चाक पूर्वी कधी पोहोचले नव्हते इतके वर जाऊन मडगार्डात शिरते.

घासण्याच्या जागा : सर्वसाधारणपणे पुढील ठिकाणी टायर घासतो. (१) मडगार्डाच्या कडेची आत वळविलेली पत्र्याची किनार : चाक पूर्ण वर गेले असता टायरचा बाहेरचा खांदा येथे लागतो. (२) चाकघराचे अस्तर : पुढचे चाक पूर्ण वळविले असता टायर अस्तराच्या पुढील किंवा मागील भागास लागतो. (३) धक्काशोषक व स्प्रिंगेची बैठक : रुंद रिमची आतील कड येथे येते. मॅकफर्सन पद्धतीच्या निलंबनात धक्काशोषक चाकाबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे येथील अंतर चाकाच्या चालीत जवळजवळ स्थिर राहते. ते उभ्या गाडीत मोजले तरी चालते. (४) रोधकाची रबरी नळी व चाकाच्या वेगाची नोंद घेणाऱ्या संवेदकाची तार : येथील घर्षण आवाज करीत नाही आणि म्हणूनच सर्वांत घातक ठरते. (५) मागील बाजूस चाकघराची आतील भिंत : वळणावर टायर बाजूला दबतो व पाट्यांच्या गाडीत संपूर्ण आसही थोडा सरकतो, तेव्हा येथे घर्षण होते.

पत्र्याच्या किनारीने टायरच्या बाजूच्या भिंतीस पडलेली चीर विशेष गंभीर होय. रस्त्याला टेकणाऱ्या भागात पोलादी तारांचे पट्टे असतात. भिंतीत ते नसतात. भिंतीतील धागे तुटल्यावर तेथे फुगा येतो आणि भार, वेग व उष्णता वाढली असता टायर एकाएकी फुटतो.

धाराशिव जिल्ह्यातील रस्ते व चाकमोकळीक : कारखान्याच्या चाचणीमार्गापेक्षा गाडी रोज ज्या रस्त्यावर धावते तो रस्ता मोकळीक किती हवी हे ठरवितो. या दृष्टीने धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद, नामांतर २०२३) हा जिल्हा उदाहरणादाखल घेता येईल. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा यांवरून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ (पूर्वीचा २११) आणि नळदुर्ग व उमरगा यांवरून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ (पूर्वीचा ९) हे येथील प्रमुख मार्ग होत. महामार्गावर चालणारी गाडी गावाकडे वळली की काही मिनिटांतच अगदी वेगळ्या रस्त्यावर येते.

जिल्ह्याचा बराच भाग काळ्या जमिनीचा आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरून गेलेल्या रस्त्यांची पातळी लाटांसारखी खालीवर होते. अशा लांब लाटेवरून वेगाने जाताना दोन्ही बाजूंची चाके एकदम वर दाबली जातात आणि निलंबनाची चाल पूर्ण वापरली जाते. अरुंद रस्त्यावर समोरून उसाची गाडी आली असता एका बाजूची चाके डांबराच्या कडेवरून खाली उतरवावी लागतात. तेव्हा एक चाक लोंबते, दुसरे पूर्ण दाबले जाते आणि त्याच क्षणी सुकाणूही वळविलेले असते. टायर घासण्यास याहून अनुकूल स्थिती नाही.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. काळी चिकण माती टायरला चिकटते व चाकघरात थरावर थर साचते. मूळ मोकळीक ठेवताना चिखलासाठीही जागा सोडलेली असते. रुंद टायरने ती जागा व्यापल्यास चिखलाला वाट राहत नाही; तो वाळून कठीण झाला की टायर पत्र्याऐवजी त्या थरावर घासतो. शेतरस्त्यावरून आल्यावर चाकघर धुणे हे अशा गाडीच्या बाबतीत स्वच्छतेचे नव्हे, तर सुरक्षिततेचे काम ठरते.

गतिरोधकांचाही विचार करावा लागतो. भारतीय रस्ते महासभेच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) शिफारशीनुसार ताशी २५ किमी. वेगासाठी गोलाकार गतिरोधक १० सेंमी. उंच, ३·७ मी. रुंद व १७ मी. त्रिज्येचा असावा. पुढील व मागील आसांत २·४५ मी. अंतर असलेली गाडी त्यावर उभी असता दोन आसांमध्ये गतिरोधकाचा माथा सु. ४५ मिमी. वर येतो. मूळची १६५ मिमी. भूमोकळीक (जमीन व गाडीचा तळ यांतील अंतर) ४० मिमी. ने कमी करून १२५ मिमी. केली, तरी ८० मिमी. अंतर उरते. मात्र गावोगावी या प्रमाणाबाहेरचे आखूड व उंच उंचवटेही घातलेले आढळतात. १५० मिमी. उंचीचा आखूड उंचवटा दोन आसांच्या मध्ये येताच १२५ मिमी. भूमोकळीक असलेल्या गाडीचा तळ त्यावर आपटतो. तेलाच्या टाकीला (ऑइल संपला) तडा गेल्यास इंजिन निकामी होण्याचा धोका असतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाराची. तुळजापूर हे बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले असून सोलापूरकडून तेथे घाटाने चढावे लागते. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीच्या दर्शनासाठी, तसेच चैत्रात येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाड्यांतून येतात. एरवी एकट्याने चालविली जाणारी गाडी त्या दिवशी पाच किंवा अधिक माणसे व सामान घेऊन घाट उतरते. उतारावर रोधक लावताच भार पुढच्या चाकांवर येतो आणि वळणावर तो बाहेरच्या चाकावर आणखी वाढतो. वर्षभर न घासलेला टायर घासण्यास हाच प्रसंग निमित्त होतो आणि त्या वेळी गाडीत सर्वांत अधिक माणसे असतात. रुंद चाके बसविताना गाडीच्या मालकाने रिकाम्या गाडीचा नव्हे, तर या दिवसाचा विचार करणे आवश्यक असते.

चाचणी : खरी मोकळीक मोजण्याची खात्रीची रीत पुढीलप्रमाणे आहे. गाडी भक्कम टेकूंवर उचलून एका चाकाची स्प्रिंग काढून ठेवतात. आघात-रबर मात्र जागेवर ठेवतात. नंतर चाक बसवून जॅकच्या साहाय्याने ते हळूहळू वर उचलतात. निलंबन रबरावर घट्ट टेकेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर टायर व सभोवतालचे भाग यांतील अंतर पाहतात. पुढच्या चाकाच्या बाबतीत प्रत्येक टप्प्यावर सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवितात. स्प्रिंग काढणे-बसविणे हे तिच्यात साठलेल्या जोरामुळे धोक्याचे असते; ते योग्य साधने असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

हे शक्य नसल्यास साधी रीत वापरता येते. टायरच्या खांद्यावर व भिंतीवर खडूचे जाड पट्टे ओढतात, चाकघराच्या संशयित जागी मऊ मेणाच्या गोळ्या चिकटवितात आणि गाडीत तिच्या क्षमतेइतकी माणसे किंवा तेवढ्या वजनाची धान्याची पोती ठेवतात. मग मोकळ्या जागेत सावकाश, दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि तिरप्या कोपऱ्यांवरील चाके उंचवट्यावर चढवून गाडी चालवितात. पुसलेला खडू व चेपलेले मेण घासण्याची जागा अचूक दाखवितात. ही तपासणी एक-दोन आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण नव्या स्प्रिंगा काही दिवसांत थोड्या बसतात. अंतर स्थिर राहते तेथे ५ मिमी. मोकळीक व्यवहारात पुरेशी मानतात; जेथे अंतर हालचालीबरोबर बदलते, तेथे पूर्ण दाबलेल्या स्थितीतही बोटभर जागा असावी.

उपाय : टायर घासत असल्यास उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टायरची रुंदी एक पायरी कमी करून पाहावी. पुष्कळदा एवढ्याने काम भागते. दुसरा उपाय योग्य सरकेचे चाक निवडण्याचा. आतील बाजूस घासणाऱ्या चाकामागे तबकडी (स्पेसर) घालून ते बाहेर काढता येते. परंतु बोल्ट तितके लांब असले पाहिजेत, नाहीतर नट अपुऱ्या आट्यांवर तोलले जातात. तिसरा उपाय चाकाचा कल (कँबर) बदलण्याचा. २९० मिमी. त्रिज्येच्या चाकाचा माथा १ अंशाने आत कलविल्यास तो सु. ५ मिमी. आत येतो. कल अधिक वाढविल्यास टायर आतल्या कडेने झिजतो, म्हणून हा उपाय थोडक्यातच वापरावा आणि त्यानंतर चाकांची समरेषा (अलाइनमेंट) तपासून घ्यावी. चौथा उपाय मडगार्डाची आतील किनार रुळाने सपाट दाबण्याचा. रंग तापवून मऊ केल्याशिवाय ती दाबल्यास रंगाला तडे जातात व पुढे गंज चढतो. किनार कापून टाकणे मात्र अयोग्य, कारण पत्र्याचे थर तेथेच एकमेकांना जोडलेले असतात. पाचवा उपाय जाड आघात-रबर घालून चाकाची चाल मर्यादित करण्याचा. त्याने घासणे थांबते, पण धक्का वाढतो. या सर्वांनी न भागल्यास गाडीची उंची काही मिमी. ने पुन्हा वाढविणे, हाच उपाय उरतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरफार वाहनमालकास करता येत नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरफार केलेली वाहने नोंदणीस पात्र नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अंतर्भूत केलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर फेरफारास पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एकाच नमुन्याच्या गाडीच्या साध्या व महाग आवृत्त्यांस कारखान्यातूनच निरनिराळ्या मापांची चाके दिलेली असतात. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर व मार्गदर्शिकेत दिलेल्या या मापांतून निवड करणे, हा तांत्रिक व कायदेशीर अशा दोन्ही दृष्टींनी निर्धोक मार्ग होय. उंची कमी करण्यासारखा फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे व विमा कंपनीकडे चौकशी करणे इष्ट असते. अपघातानंतर दाव्याच्या वेळी अशा फेरफाराचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

सारांश, रुंद चाक व खाली घेतलेली गाडी हे दोन्ही फेरफार एकाच मर्यादित जागेवर हक्क सांगतात. एकाला दिलेली जागा दुसऱ्याकडून घ्यावी लागते. गुळगुळीत रस्त्यावर हलक्या भाराने चालणाऱ्या गाडीत त्यांचा मेळ बसविता येतो. चढउताराच्या, चिखलाच्या व उंचवट्यांच्या रस्त्यांवर भरलेली गाडी चालवावयाची असल्यास मूळ मापाच्या जवळपास राहणेच श्रेयस्कर ठरते. मडगार्ड व टायर यांमधील रिकामी दिसणारी जागा वाया गेलेली नसून भार, खड्डा, वळण व चिखल यांच्यासाठी ती राखून ठेवलेली असते.